रातकिड्यांची वाळू

रातकिड्यांना सुकट घातली नाही तर ते एकमेकांना खातात, हे ज्ञान मला सासरी मिळालं. असं मी सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं मी सासरच्यांना टोमणा मारतेय. हसू देत. मी खरोखर सुकटीबद्दलच बोलत असते. मूठभर सुकट खलबत्त्यात कुटायची, तांदळाच्या कोंड्यात कालवायची, वर दुधीच्या सालीचा एखादा तुकडा टाकायचा, की रांजणातली मारामारी थांबते. लग्न करून खोपोलीला आले त्या वर्षी मला भाकरी धड थापता येत नव्हती, पण हे झकास जमत होतं.

हा सगळा खटाटोप एका घोयऱ्यासाठी. घोयरा म्हणजे तो संथ, चपट्या अंगाचा सरडा, शेपटीची गुंडाळी करून फांदी धरून बसतो, दोन डोळे दोन दिशांना फिरवतो आणि रंग बदलतो. आमच्याकडे लोक त्याला फार भितात. त्याची नजर वाईट, तो चावला तर माणूस वाचत नाही, पोटुशीने तर त्याच्याकडे बघूसुद्धा नये, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. चावलेला माणूस मात्र कुणी पाहिलेला नसतो.

आमचं घर कामगारांच्या चाळीत, दोन खोल्यांचं. सासरे कागदाच्या कारखान्यात होते. मला बघायला आले तेव्हा पोशीरला आमच्या ओटीवर मांडी घालून बसले, गूळपाणी घेतलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी मॅट्रिक हाय, तिला मास्तरीण करू. आमी नाय अडवनार." माझ्या वडिलांना तेवढंच ऐकायचं होतं. बाकी देण्याघेण्याचं बोलणं झालंच नाही. पुढे सुपारी फुटली आणि लग्नाच्या आधीच सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मी घरात आले तेव्हा ते खिडकीजवळच्या खाटेवर पडून होते, आणि मला दिलेला शब्द त्यांच्याबरोबर आत कुठेतरी अडकून पडला होता. त्यांच्या तोंडून 'नाय' आणि 'पानी' एवढंच यायचं.

जेवणाचं तर फारच अवघड होतं. सासूबाई पेज भरवायच्या आणि ते ओठ मिटून भिंतीकडे बघत राहायचे. एक दिवस माझा नवरा कारखान्यातल्या पाळीवरून येताना पिशवीत घोयरा घेऊन आला. रस्त्यात लोक त्याला दगडांनी मारत होते, त्यांच्या तावडीतून सोडवला म्हणाला. बापाला दाखवून सोडून देऊ, असा विचार होता. त्याने करवंदीची फांदी खिडकीत अडकवली, तिच्यावर घोयऱ्याला ठेवलं, आणि त्याच वेळी गजांवर एक माशी बसली. घोयऱ्याची जीभ हातभर बाहेर आली आणि माशी नाहीशी झाली. सासरे हसले. डाव्या बाजूनेच हसले, पण आवाज आला. मग सासूबाईंनी घाईघाईने पेजेचा चमचा पुढे केला तर तो त्यांनी घेतला.

झालं, घोयरा राहिला. खिडकीला जाळी लागली. सासऱ्यांच्या शब्दांत एकाची भर पडली, 'खाल्लं?' जेवणाच्या वेळी ते खिडकीकडे बघून विचारायचे. घोयऱ्याने खाल्लं असेल तर ते खायचे, नसेल तर नाही. लहान मुलाला काऊचा घास, चिऊचा घास म्हणून भरवतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त इथला काऊ खरोखर खायचा आणि जिवंत किडाच खायचा. मेलेल्याकडे तो ढुंकून बघत नसे.

पावसाळाभर काही प्रश्न नव्हता. चाळीच्या मागे डोंगराच्या उतारावर गवत माजलेलं, गवतात नाकतोडे. चाळीतल्या बायकांना ते पकडता येईनात. मी भाताच्या खाचरांत वाढलेली. नाकतोड्याच्या मागे धावायचं नसतं, पुढून ओंजळ धरायची, तो उडी घेतो तीच आपल्या हातात. ही कला मी नव्या नवरीच्या उत्साहात सगळ्यांसमोर दाखवली आणि फसले. त्या दिवसापासून घोयऱ्याचं खाणं हे माझं काम झालं. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही, तसंच झालं.

दिवाळीनंतर गवत वाळलं आणि नाकतोडे संपले. घोयरा फांदीवर काळपट होऊन बसू लागला, सासरे ओठ मिटू लागले. सरपणाचा ढीग हलवताना मला खाली रातकिडे दिसले. ते मी काठ फुटलेल्या एका रांजणात जमवले. रोज शोधत बसण्यापेक्षा इथेच वाढवावेत, हे माझ्याच डोक्यातून निघालं. ह्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला देता येत नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिले वाटीतल्या पाण्यात बुडून मेले, मग मी पाण्याऐवजी ओला कापूस ठेवू लागले. दुसऱ्यांना मुंग्या लागल्या, मग रांजण पाण्याच्या परातीत उभा केला. तिसऱ्यांनी एकमेकांचे पाय खाल्ले, तेव्हा सुकटीचा शोध लागला. आणि मग वाळू. रातकिड्याच्या मादीला मागे सुईसारखी नळी असते. ती ओल्या वाळूत खुपसून ती अंडी घालते. परळात, म्हणजे मातीच्या पसरट थाळीत, वाळू भरून रांजणात ठेवायची, अंडी घातली की ते परळ चुलीमागच्या कट्ट्यावर उबेला ठेवायचं आणि दुसरं रांजणात ठेवायचं. वाळू कोरडी पडली की अंडी मेली, चिंब झाली की बुरशी आली. मुठीत दाबली तर गोळा व्हायला हवी आणि हाताला पाणी मात्र लागायला नको. सकाळ-संध्याकाळ बोट घालून बघायचं, शिंपडायचं, पुन्हा बघायचं. एक दिवस चुकवलं की पुढची अख्खी पिढी गेली. मग काही दिवसांनी वाळूतून मुंगीएवढी पोरं बाहेर येऊन उड्या मारायला लागायची. चाळीतल्या बायका दारातूनच विचारायच्या, "काय गं, तुझी पोरं कशी हायत?" माझा पाळणा अजून हलला नव्हता, त्यामुळे त्यांना हे फारच मजेदार वाटे. आत मात्र कुणी येत नसे. घोयऱ्याच्या नजरेला घाबरून आमच्या उंबऱ्याबाहेरच सगळी चाळ थबकायची. नळावर काय बोलणं होईल तेवढंच.

सासूबाईंना हे किती जड गेलं असेल ते मला तेव्हा कळत होतं, पण मला त्यांची कीव करायला सवड नव्हती. त्यांचा तांदूळ चाळीत नावाजलेला होता. वर्षाचा तांदूळ भरायचा आणि पुढच्या वर्षापर्यंत त्यात एक सोंडा नाही, एक जाळं नाही. बायका त्यांना विचारायला यायच्या, कडुनिंब किती घालता, पावडर किती लावता. त्या बाईच्या घरात आता सून मुद्दाम कोंडा ठेवून किडे वाढवत होती. रांजणातल्या कोंड्यातून बारीक करडी पाखरं उठायची आणि भिंतीवर बसायची. सासूबाई फडक्याने एकेक टिपायच्या.

दुसरी अडचण वंदनेची. संध्याकाळी तसबिरींपुढे मेणबत्ती लावून त्या पंचशील म्हणायच्या, मीही मागे बसायचे. पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं. ते म्हणताना मागे खिडकीत जीभ सटकल्याचा आवाज यायचा. पहिले काही दिवस त्या अडखळल्या, मग त्यांनी एक जुनं लुगडं काढलं आणि वंदनेच्या वेळी जाळीवर पडदा टाकायला सुरुवात केली. पडदा काढल्यावर मगच घोयऱ्याला खाणं, आणि त्यानंतर सासऱ्यांना. हा क्रम पुढे कधी चुकला नाही.

नर रातकिडे पंख घासून ओरडतात हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. शेतात तो आवाज गोड लागतो. एका खोलीत, चुलीजवळ, अंथरुणापासून हातभर अंतरावर असला की तो कानातून डोक्यात जातो. मी गप्प बसले की तो मोठा व्हायचा. माझ्या अंगाला सुकटीचा आणि ओल्या कोंड्याचा वास यायला लागला होता. साबण लावून जात नव्हता. मला त्या घराचा राग यायचा, रांजणाचा यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या हिरव्या जनावराचा, जे एका डोळ्याने सासऱ्यांकडे आणि दुसऱ्याने माझ्याकडे बघत बसायचं. त्याचा काही दोष नव्हता. ते तरी कुठे मर्जीने आलं होतं?

मला कुणी डांबून ठेवलं होतं असं नाही. तसं असतं तर भांडता आलं असतं. माहेरी जाते म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "जा की." नवराही म्हणायचा, जाऊन ये. मग दोघंही रांजणाकडे बघायची, आणि खाटेवरून सासऱ्यांचा प्रश्न यायचा, "खाल्लं?" एवढ्यावर माझी पिशवी परत खुंटीला जायची. धाकट्या बहिणीच्या लग्नाला पोशीरला गेले ती सकाळी, आणि संध्याकाळी घरी. मंगल परिणय झाला, जेवणावळ बसली, आणि मी आईला म्हणाले, निघते, वाळू सुकेल. आई माझ्याकडे बघत राहिली. कसली वाळू, हे तिला समजावून सांगायला मला वेळ नव्हता. तिने लाडू फडक्यात बांधले, ते मी उभ्या उभ्याच घेतले. कर्जतला खोपोलीच्या गाडीची वाट बघताना मी रडले आणि मग गाडी आली तेव्हा चढले.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, अलिबागच्या अध्यापिका प्रशिक्षणासाठी माझी निवड झाल्याचं कळलं. अर्ज मी नवऱ्याला सांगूनच केला होता. मिळेल असं त्यालाही वाटलं नव्हतं आणि मलाही. जूनच्या सुरुवातीला हजर व्हायचं, वसतिगृहात राहायचं, सुट्टीला तेवढं घरी. नवरा खूश झाला, मग त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, बघू. तो पाळ्या करून थकलेला असायचा. त्याने एकदा वाळूला पाणी घातलं होतं तर परळाचं डबकं झालं होतं. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या त्या 'बघू'त माझं अख्खं आयुष्य मावत होतं. सासूबाईंनी ऐकलं आणि गोण्या झटकायला घेतल्या. त्या तांदूळ घ्यायच्या गडबडीत होत्या.

मी जायचं ठरवलं होतं. मनाशी तरी ठरवलं होतं. त्यासाठी रांजण भरलेला हवा होता. माझ्यामागे निदान पावसाळा स्थिरावेपर्यंत पुरतील इतके रातकिडे तयार करायचे, मग पुढे गवतात नाकतोडे होतील, त्यापुढचं त्यापुढे. मी चैत्रापासून परळं वाढवली. मेपर्यंत रांजण असा भरला की झाकणाच्या फडक्याखाली नुसती खळबळ. जाता-येता मी फडकं उचलून बघायचे. मला तो रांजण म्हणजे माझ्या सुटकेची पुंजी वाटत होता.

मग सासूबाईंचा तांदूळ आला. दर वर्षी त्या आधी तांदूळ चाळून कणी वेगळी काढायच्या आणि मग बोरिक पावडर लावायच्या. त्या वर्षी दुकानदाराने चाळलेला म्हणून दिला, म्हणून त्यांनी थेट पावडर चोळली. चोळताना लक्षात आलं की कणी भरपूर आहे. मग त्यांनी तो पावडर लावलेला तांदूळ चाळला. पावडर सगळी खाली कणीत उतरली. आता त्या कणीचं काय करायचं? आमच्यात दाणा टाकत नाहीत. तो माणसाला नाही तर कोंबडीला, कोंबडीला नाही तर मुंगीला, पण कुणाच्या तरी तोंडात गेला पाहिजे. आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. त्यांनी ती कणी माझ्या रांजणात घातली. त्या रांजणाला त्यांनी आपणहून हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा. मी नळावर होते.

तीन-चार दिवसांत रांजण गप्प झाला. आधी मला बरं वाटलं, आवाज नाही म्हणून. मग फडकं उचललं तर सगळे उताणे पडलेले. काहींचे पाय हलत होते. तळाशी पांढरी कणी दिसली. मी ती बोटाला लावून बघितली आणि तांदळाच्या कोठीकडे बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"मी मुद्दाम नाय केलं," त्या म्हणाल्या. "कणी टाकवंना, म्हून घातली."

मला खरं वाटलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर पावडरीने किडे मारले, तिला पावडरीने किडे मरतात हे माहीत नव्हतं? मला वाटलं, ह्यांना रांजण नकोच होता. मग वाटलं, ह्यांना मी जायला नको आहे. दोन्ही गोष्टी एकाच मुठीत साधल्या. मी भांडी अशी आपटली की चाळीला कळलं. आज इतक्या वर्षांनी मला त्यांचं म्हणणं पटतं, पण शंभर टक्के पटतं असं म्हणणार नाही.

मे महिन्यात बाहेर एक किडा नव्हता. डोंगर जळून काळा झालेला. सरपणाखाली मी हात घालघालून पाहिलं, एखाददुसरा मिळायचा. चुलीमागे एका परळातली अंडी तेवढी वाचली होती, पण त्यातून आलेली पोरं मुंगीएवढी. घोयऱ्याला ती दिसतसुद्धा नव्हती. तो फांदीवर डोळे मिटून बसला. खाटेवरून विचारणा झाली, "खाल्लं?" सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सासूबाई चमचा धरून बसल्या आणि पेज थंड झाली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. त्यांच्या गालाची हाडं वर आली. मी पिशवी भरायला घेतली होती ती अर्धी तशीच खुंटीला राहिली. मला कळून चुकलं होतं की मी जाणार नाही. एखाद्या माणसाला उपाशी टाकून शिकायला जायचं म्हणजे कसं जायचं?

तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी कडीचा डबा घेतला, पदर खोचला आणि चाळीत शेजारच्या दारापासून सुरुवात केली. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्या प्रत्येक घरी जाऊन विचारत होत्या, झुरळं हायत का. ज्या बाईकडे तांदळाचं औषध विचारायला लोक यायचे, ती डबा घेऊन झुरळं मागत होती. आणि चाळीत एकाही घरी झुरळ निघेना. "आमच्यात? आमच्यात नाय बाई झुरळं." "मागं होतं एक, ते पन तुमच्याकडनं आलतं." मोऱ्यांतून मिशा हलताना आम्ही रोज बघायचो, पण कबूल कोण करणार? सासूबाई एकेक 'नाय' ऐकून पुढच्या दारी जात होत्या. शेवटच्या दारापर्यंत गेल्या आणि मग तशाच चाळीबाहेर पडल्या.

पुष्कळ वेळाने आल्या. स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलात गेल्या होत्या. मालकाला म्हणाल्या, तुझ्या भट्टीमागं काय हाय ते मला ठावं हाय, मला ते दे, मी कुनाला सांगत नाय. डब्यात खरखर वाजत होती. त्यांच्या हाताला काजळी लागली होती आणि पदराला चहाचा वास येत होता.

डबा मी घ्यायला गेले तर त्यांनी दिला नाही. "दाव मला, कसं धरायचं." मी दाखवलं. त्यांनी तोंड फिरवून डब्यात हात घातला, झुरळ दोन बोटांत धरलं आणि जाळीतून आत केलं. घोयऱ्याचा एक डोळा उघडला, मग दुसरा, मग दोन्ही एकाच दिशेला आले. जीभ सटकली. सासूबाईंनी हात मागे घेतला आणि लुगड्याला पुसला, पुसत राहिल्या.

"खाल्लं," खाटेवरून आवाज आला. ह्या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

पेज भरवून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. चुलीमागचं परळ उचललं, वाळूत बोट घातलं. "ही किती ओली ठिवायची ते मला शिकव," म्हणाल्या. "आनि पिशवी भर."

मी म्हणाले, "आई, तुम्हाला नाही जमायचं हे."

"तुज्या बापाला ह्यांनी शबूद दिला तवा मी पन तितंच बसलेली," त्या म्हणाल्या. "ह्यांना आता बोलता येत नाय. मला येतंय."

मी जूनमध्ये अलिबागला गेले. वसतिगृहातले पहिले दिवस मला शांततेमुळे झोप लागत नव्हती. सकाळी उठून हात वाळू शोधायचा. मग हळूहळू सुटलं. मी फळ्यावर अक्षर गिरवायला शिकले, पाठ घेऊ लागले, समुद्र बघितला, मैत्रिणींबरोबर फुकटचं हसले. घरचं क्षेमकुशल नवरा कळवायचा, बाबा बरे आहेत, आई बरी आहे, रांजण चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर चुलीमागे परळांची ओळ लागली होती, माझ्यापेक्षा नीट. सासूबाईंच्या तांदळात मात्र पाखरं झाली होती. कोंड्यातली उडून कोठीत गेली होती आणि पावडर त्यांनी त्या प्रकारानंतर घरात आणलीच नव्हती, पुन्हा चुकून हात लागायला नको म्हणून. त्या सुपात तांदूळ घेऊन जाळी निवडत बसल्या होत्या. "तुजी पोरं माजलीत," एवढंच म्हणाल्या.

डिसेंबर आला. सहा डिसेंबरला वसतिगृहातल्या आम्ही काही मुली परवानगी काढून दादरला गेलो. आमच्या चाळीतल्या बायका दर वर्षी जायच्या, आणि त्यांच्या पुढे सासूबाई. वर्षभरात त्या स्वतःसाठी म्हणून घराबाहेर पडायच्या त्या ह्या एकाच दिवशी. पांढरं लुगडं त्यासाठी वेगळं ठेवलेलं असायचं, भाकऱ्या आदल्या दिवशी बांधलेल्या. सासऱ्यांना झटका आला त्या वर्षीही लेकाला खाटेजवळ बसवून त्या गेल्या होत्या. मागच्या वर्षी मी घरी होते, म्हणून त्या गेल्या. मी त्यांच्यासाठी चणे घेतले होते आणि गर्दीत पांढरी लुगडी बघत फिरत होते. आमच्या चाळीतल्या बायका दिसल्या. त्यांच्यात त्या नव्हत्या.

आजारी आहेत का, मी विचारलं. शेजारीण म्हणाली, नाय गं, चांगली हाय. मीच तिला बोलवायला गेले, तर म्हनाली, मी आले तर वाळू कोन ओली करंल?

मी तो चण्यांचा पुडा हातात धरून उभी राहिले. हे वाक्य मी ओळखत होते. माझंच होतं ते, बहिणीच्या मांडवात आईला सांगितलेलं. मला वाटत होतं की मी ते अलिबागला जाताना टाकून आले. टाकलं नव्हतं, त्यांच्या हातात देऊन आले होते. मला इतकं वाईट वाटलं की मुली विचारायला लागल्या, काय झालं. काय सांगणार? रातकिडे म्हणून सांगणार?

सुट्टीत घरी गेले तेव्हा म्हणाले, पुढच्या वर्षी डिसेंबरात मी येते, तुम्ही जा. त्या म्हणाल्या, परीक्षा टाकून आलीस तर दारात उभी करनार नाय. आणि मग जरा वेळाने, परळ पुसता पुसता, तुज्या हातचं आता तो खायाचा नाय. ते खरं होतं. मी झुरळ धरलं तर घोयरा दुसरीकडे बघायचा. पुढच्या वर्षीही त्या गेल्या नाहीत.

माझं प्रशिक्षण संपलं आणि मला खालापूर तालुक्यात शाळा मिळाली. पहिल्या दिवशी शाळेतून आले तेव्हा सासऱ्यांनी डावा हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरला. त्या पावसाळ्यात एका सकाळी घोयरा फांदीखाली पडलेला दिसला. सासूबाईंनी तो गुपचूप चाळीमागे पुरला आणि सासऱ्यांना सांगितलं, खाल्लं. पडदा जाळीवर तसाच ठेवला आणि दोन्ही वेळा आत हात घालून यायच्या आणि सांगायच्या, खाल्लं. सासऱ्यांना कळलं होतं की नाही कोण जाणे. ते पेज घेत राहिले. श्रावण सरला तेव्हा तेही गेले.

त्यानंतर जाळी निघाली, रांजण चाळीबाहेर ठेवला, परळं घासून कोपऱ्यात रचली. रातकिडे मी उतारावर नेऊन सोडले. घर इतकं शांत झालं की आम्ही दोघी उगीच मोठ्याने बोलायचो.

त्या डिसेंबरात मी रजा काढून सासूबाईंना दादरला घेऊन गेले. पांढरं लुगडं पेटीत पिवळं पडलं होतं, तेच त्यांनी नेसलं. रांग लांब होती. समुद्राचा वारा येत होता, पुढे-मागे बायका, पोरं, मेणबत्त्या. सासूबाई कुणाकुणाला ओळखत होत्या, बोलत होत्या. चेहऱ्यावर किती दिवसांनी तरतरी आली होती. आणि मग एकदम त्या थांबल्या. मागच्या बाईचा धक्का लागला तरी हलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"वाळू ओली केलीस का गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मागे, आलो त्या वाटेकडे बघत होत्या.

"केली," मी म्हणाले. "झाकून पण ठेवलीय."

मग त्यांनी माझा हात सोडला आणि आम्ही रांगेत पुढे सरकलो.